गिटारला कान कोणता लावावा?

ज्या कोपऱ्यात पूर्वी गवसणी घातलेला तंबोरा उभा असे, त्या कोपऱ्यात आता पुष्कळ घरांतून गिटार उभी असते. याबद्दल खंत करणारे करोत बापडे. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. लाकडाची पोकळ पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांचा कंप पेटीला पोचवणारी घोडी, इतके पाहिले की हे पाहुणे वाद्य आपल्याच नात्यातले आहे हे ध्यानात येते. सतारीची जिला आपण तबली म्हणतो, तीच गिटारची वरची पातळ फळी. तार स्वतः फार थोडी वाजते. वाजते ती ही फळी आणि पेटीतली हवा.

दिवाणखान्यात चार माणसांपुरता हा आवाज पुरतो. पण तीच गिटार गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर गेली आणि शेजारी तबला व सिंथेसायझर येऊन बसले, की वादकाची बोटे तेवढी हलताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही! समोर मायक्रोफोन उभा करावा, हा पहिला उपाय. तो वाईट नाही. वादक एका जागी स्थिर बसला आणि आसपास शांतता असली, तर त्याहून गोड आवाज दुसऱ्या कशाने मिळत नाही. परंतु वादक वीतभर सरकला की आवाज पडतो, आणि शेजारचा तबला त्याच मायक्रोफोनात आगंतुकासारखा शिरतो. म्हणून मग गिटारच्या अंगालाच एक कान लावतात. त्या कानाचे नाव पिकअप. ग्रामोफोनच्या जमान्यातील वाचकांना हा शब्द नवा नाही. तबकडीवर टेकणाऱ्या सुईच्या डोक्यालाही पिकअपच म्हणत.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या महाविद्यालयाचे सांस्कृतिक मंडळ काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि ज्याच्याकडे मंडळ त्याच्याकडे सगळ्या तक्रारी, असा रिवाजच आहे. मागे तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिची गिटार तिच्या वडिलांची. वडील आता नाहीत. संमेलनात तबला आणि बासरीच्या साथीने तिला ती वाजवायची होती. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने सांगितले होते की घोडीत एक बारीक भोक आणि पेटीच्या बुडाशी अर्ध्या इंचाचे एक मोठे भोक पाडावे लागेल. तिची आई म्हणाली होती, "वाजली नाही तरी चालेल, पण त्याला भोक पाडू नकोस." मुलीला वाटत होते, जे वाद्य कोणाला ऐकूच जायचे नाही, ते जपायचे तरी कशासाठी? दोघींचेही खरे होते. कारागीरही काही चुकीचे सांगत नव्हता. त्याने फक्त एकाच जातीच्या कानाचा विचार केला होता. कानाच्या जाती मात्र अनेक आहेत.

सर्वांत जुनी जात चुंबकाची. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वर पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांतून तितक्याच कंपांची वीज निघते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखवले होते. गिटारला ते लावायला आणखी शंभर वर्षे गेली. लॉस एंजेलिसमध्ये हवाईयन गिटार वाजवणाऱ्या जॉर्ज बीचम यांनी १९३१ साली असा पिकअप तयार केला, आणि पुढे जी ॲल्युमिनियमची विजेची गिटार विक्रीस आली तिचे रूप असे होते की लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तळणीचा तवा म्हणू लागले! विजेच्या गिटारचे हे मूळ हवाईयन वाद्यात आहे, हे विशेष. आपल्याकडेही व्हॅन शिप्ले यांच्या फिल्मी चालींच्या तबकड्यांतून विजेच्या गिटारची ओळख झाली ती हवाईयन पद्धतीच्याच वादनाची.

साध्या गिटारसाठी हा चुंबकी कान पेटीच्या गोल तोंडात आडवा बसवतात. दोन स्क्रू आवळले की तो बसतो, सैल केले की निघतो. पण त्याचा स्वभाव ओळखून घ्यावा. त्याला पोलाद तेवढे ऐकू येते. नायलॉनच्या तारांपुढे तो ठार बहिरा! ब्राँझ गुंडाळलेल्या जाड तारांतला पोलादी गाभाच त्याला कळतो. म्हणून नुसत्या पोलादाची बारीक तार कधी कधी उगाच मोठ्याने बोलते. चांगल्या पिकअपात त्याची तजवीज केलेली असते. पेटीच्या लाकडाचे बोलणे मात्र त्याच्यापर्यंत फारसे पोचत नाही, आणि त्यामुळे आवाजाला किंचित विजेच्या गिटारची छटा येते.

दुसरी जात स्फटिकाची. स्वयंपाकघरात गॅस पेटवायला आपण जो लायटर टकटक करतो, त्यात एका विशिष्ट जातीच्या मातीच्या खड्यावर छोटी हातोडी आदळते आणि ठिणगी उडते. दाब पडला की वीज निर्माण करण्याचा काही पदार्थांचा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये शोधला. त्याला पिएझो म्हणतात. त्याच गुणाची एक पातळ पट्टी गिटारच्या घोडीतल्या हाडाच्या पट्टीखाली सरकवतात. तारांचा सगळा भार तेथेच येतो, त्यामुळे हा कान नायलॉनचेही ऐकतो आणि मोठ्या आवाजातही सहसा धीर सोडत नाही. कारखान्यातून पिकअप लावूनच येणाऱ्या गिटारींत बहुधा हाच असतो. पण तंबोऱ्याच्या जवारीइतकेच हे काम नाजूक आहे. खाली पट्टी आली म्हणून हाड तितकेच घासावे लागते, आणि ते तसूभर जरी वाकडे बसले तरी एक तार ओरडते व दुसरी कुजबुजते. शिवाय पिकने जोरात झोडले की आवाजाला एक कोरडा, टणक, बदकासारखा स्वर येतो. त्यात भोके पाडावी लागतात ती वेगळीच.

तिसरी जातही पिएझोचीच, पण ती घोडीच्या बरोबर खाली, पेटीच्या आतून फळीला चिकटवतात. रुपयाच्या नाण्याहून लहान अशा दोन-तीन चकत्या असतात. हा कान फळीचे बोलणे ऐकतो, म्हणून लाकडाचा ऊबदारपणा येतो, आणि पेटीवर बोटांनी ठेका धरला तर तोही उमटतो. एकट्याने बसून बोटांनी वाजवणाऱ्याला हा फार मानवतो. चौथी जात म्हणजे पेटीत बसवलेला चिमुकला मायक्रोफोन. तो हवेतला नाद ऐकतो. एकटा क्वचितच वापरतात, दुसऱ्याच्या जोडीला देतात.

या दोघांचा शत्रू एकच: घुमणे. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या पेटीला येऊन भिडतो, पेटी थरथरते, तो थरथराट पिकअप पुन्हा स्पीकरकडे धाडतो, आणि क्षणात सारा मांडव 'हूंऽऽ' करून दुमदुमतो. फळीचे जो जितके जास्त ऐकतो, तितका तो या चक्रात लवकर सापडतो. स्पीकरपासून दूर आणि तिरके बसावे, पेटीच्या तोंडाला रबराची झाकणी लावावी, घुमणारा तेवढाच खर्ज कमी करावा, हे उपाय नेहमीचे आहेत.

आणखी एक गोष्ट दुकानात पुष्कळदा राहून जाते. पिएझोची वीज म्हणजे बारीक झरा. तो मोठ्या तोंडाने उपसला की आटतो. ध्वनिक्षेपकवाल्याच्या यंत्रात मायक्रोफोनसाठी जी जागा असते तिचा विद्युतरोध साधारण दोन-तीन हजार ओहम. पिएझोला निदान दहा लाख ओहमची जागा हवी. थेट जोडल्यास खर्ज गळून आवाज पत्र्यासारखा होतो, आणि दोष बिचाऱ्या गिटारला लागतो. म्हणून मध्ये प्रीॲम्प नावाची डबी लागते. पिकअपच्या किमतीबरोबर तिचीही किंमत धरावी. गिटारच्या पोटातच प्रीॲम्प असेल तर बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल खोचली की ती सुरू होते, म्हणून वाजवणे संपताच केबल काढावी.

आता भोकांविषयी. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९५९ साली आपल्या काही उत्तम गिटारींच्या वरच्या फळीतच भोके पाडून पिकअप आणि खुंट्या बसवल्या. त्या मॉडेलला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यांतलीच एक पुढे कर्ट कोबेनच्या हाती आली. त्याने पेटीच्या तोंडात वेगळा चुंबकी पिकअप लावला आणि १९९३ साली न्यूयॉर्कच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात ती वाजवली. २०२० साली ती लिलावात साठ लाख डॉलरांवर गेली! गिटारला मोल येते ते वाजवणाऱ्या हातांमुळे, हे यावरून कोणी सांगेल, आणि ते खरेही आहे. पण ज्या घरातले ते हात आता नाहीत, त्या घराला हा दाखला ऐकवण्यात काय अर्थ?

म्हणून मी त्या मुलीला तीनच प्रश्न विचारले. तारा कोणत्या? पोलादाच्या. साथीला कोण? तबला, बासरी, म्हणजे घुमण्याची भीती मोठी. आणि जे एकदा केले की परत फिरवता येणार नाही, असे काही घरात चालेल का? नाही. उत्तर आपोआपच आले: तोंडात बसणारा चुंबकी पिकअप. स्क्रूंखाली फ्लॅनेलची चिंधी, केबल तोंडातूनच बाहेर काढून पट्ट्याला बांधलेली. एकही भोक नाही.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तालीम घेतली. वाजवायला मैत्रिणीला बसवून तिला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन ऐकायला सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, हा बाबांचा आवाज नाही. पण गिटार बाबांचीच आहे, हे कळतंय." दुसऱ्या दिवशी तिची आई दुसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर स्क्रू सैल करून पिकअप डबीत गेला, आणि आईने गिटारची पेटी आपल्या ओढणीने पुसून गवसणीत घातली.

घरी बसून मांडीवर ऐकू येणारा आवाज कोणताही पिकअप जसाच्या तसा देत नाही. पेटी, हवा, खोलीच्या भिंती आणि आपली छाती असे सारे मिळून तो बनलेला असतो. तेव्हा यादिवाळीत कोणाच्या घरी पिकअप घेण्याचा बेत असेल, तर आपण कुठे, कोणाबरोबर आणि कशा तारांवर वाजवणार हे आधी ठरवा, आणि त्यासाठी आवाजातले काय सोडायला आपण राजी आहोत तेही. शक्य झाल्यास दुकानात वाजवायला दुसऱ्याला बसवा आणि आपण चार पावले दूर उभे राहून ऐका. श्रोत्यांच्या वाट्याला तोच आवाज येणार आहे.