परसातले पाहुणे



फाल्गुन-चैत्रात तोडणी उरकत येते, खोडव्याची कामे निघतात, अन् याच दिवसांत परसातल्या पाखरांची घाई बघण्यासारखी असते. पांगारा फुलला की मैना, बुलबुल, शिंजीर त्यावर तुटून पडतात.

पण आम्हांला आज सांगायचे आहे ते पिंगळ्याबद्दल. वीतभर उंचीचे हे घुबड. दिवस कलला की जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोलीतून तोंड काढते आणि आपल्याकडे बघत मान खालीवर करते. मुलांना जरूर दाखवा. किडे, भुंगेरे, बारके उंदीर हे त्याचे खाणे. त्याचा थोरला भाऊ म्हणजे पडक्या वाड्यात राहणारे पांढरट गव्हाणी घुबड. ते तर मुख्यतः उंदरांवरच जगते. न पचलेली हाडे व केस गोळी करून ओकते. ती गोळी फोडली तर उंदरांच्या कवट्या निघतात. बुडख्याशी ऊस कुरतडणारा उंदीर कोणाला ठाऊक नाही? तरी लक्ष्मीच्या या वाहनाला आपण अपशकुनी म्हणतो!

पिंगळ्याची अंडी-पिले साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असतात. नेमके तेव्हाच "पोकळ झालंय, काय कामाचं" म्हणून बांधावरचे झाड पाडले जाते, नाहीतर पेटवलेल्या पाचटाने होरपळते. ढोलीचे झाड राखा, पाचट सरीत कुजवा. उंदरांना विष घातलेच, तर मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरावेत. घुबडाने ते खाल्ले तर तेही दगावू शकते.