हलकी लागर : ब्रूपबची खरी परीक्षा

हैदराबादच्या ज्युबिली हिल्स, गच्चीबावली यांसारख्या भागांत काचेच्या भिंतीआड चकाकणाऱ्या स्टीलच्या टाक्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तेलंगण सरकारने २०१५ मध्ये मायक्रोब्रुअरीसाठी नियम केले आणि त्यानंतर जागेवरच बिअर तयार करून विकणारे ‘ब्रूपब’ शहरात रुजले. तेथील फलकावर गव्हाची, संत्र्याच्या सालीची, कॉफीच्या चवीची अशा नाना बिअर असतात. त्या यादीत सर्वांत साधी वाटणारी फिकट सोनेरी, हलकी लागर बनवायला मात्र सर्वांत अवघड असते.

‘हलकी’ हा शब्द येथे रंग आणि जिभेवरील भार यांच्यासाठी आहे. तिच्यातील मद्यांश साधारणतः चार ते पाच टक्के असतो. ‘लागर’ हे नाव साठवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आले आणि तिचे मर्म या साठवणीतच आहे. ‘एल’ प्रकारची बिअर १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते व सुमारे दोन आठवड्यांत पेल्यात येऊ शकते. लागरचे यीस्ट मात्र ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करते. त्यानंतर ती बिअर शून्याच्या आसपासच्या तापमानात काही आठवडे मुरवावी लागते.

मोजक्या टाक्या असलेल्या ब्रूपबला हा हिशेब जड जातो. लागरने अडवलेल्या टाकीत तेवढ्याच काळात एलचे दोन घाणे निघाले असते. शिवाय हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा टाकी आठवडेच्या आठवडे थंड ठेवण्याचा वीजखर्च वेगळाच. त्यामुळे घाई करण्याचा मोह होतो.

ही घाई चवीत उघडी पडते. किण्वनात लोण्यासारख्या वासाचे डायअ‍ॅसिटिल तयार होते. पुरेसा वेळ मिळाला, तर यीस्टच ते पुन्हा शोषून घेते. न मिळाल्यास घोटाला लोणकट चव उरते. हिरव्या सफरचंदाचा वास हेही बिअर अपुरी मुरल्याचे लक्षण आहे. उकडलेल्या मक्याचा वास आला, तर काढा पुरेसा उकळला गेला नसावा. गडद किंवा मसालेदार बिअरमध्ये असे दोष झाकले जातात. हलक्या लागरमध्ये आडोसा नसतो.

पाण्याचेही तसेच. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्सन येथे योझेफ ग्रोल याने पहिली सोनेरी लागर तयार केली. तिच्या यशात तेथील अतिशय मृदू पाण्याचा मोठा वाटा होता. जड पाण्याने हॉप्सचा कडवटपणा खरखरीत होतो. म्हणून पाणी जड असलेल्या ठिकाणी ते आधी शुद्ध करून त्यात मोजून क्षार मिसळावे लागतात.

चव घेण्याची रीत सोपी आहे. पेला स्वच्छ, तेलकटपणा नसलेला हवा. बिअर बर्फासारखी गार नको. अतिथंडीने जीभ बधिर होते आणि दोषही लपतात. पाच ते सात अंशांना आधी वास घ्यावा. ताज्या पावाचा, किंचित गवताचा सुगंध यावा. पहिल्या घोटात माल्टचा सौम्य गोडवा, मागोमाग नेटका कडवटपणा आणि शेवटी कोरडी, स्वच्छ जीभ, असा क्रम जुळला की बिअर साधली. पेला थोडा कोमट झाल्यावर पुन्हा एक घोट घ्यावा. तेव्हाही ती स्वच्छच लागली, तर ब्रूअरने टाकीला पुरता वेळ दिला आहे, असे समजावे.

गोव्यातही ब्रूपब आहेत आणि हीच कसोटी येथेही लागू पडते. नव्या ठिकाणी फलकावरच्या चमकदार नावांआधी हलक्या लागरचा छोटा नमुना मागावा. ती निर्दोष असेल, तर तिथल्या उरलेल्या यादीवर पैसे खर्च करायला हरकत नाही.