मेरुसंवेदनाहरणाखालील सीझर प्रसूतीतील रक्तदाबन्यूनता

पाठीच्या कण्यात सुई घालून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात स्थानिक संवेदनाहारक औषध सोडले असता, सीझर शस्त्रक्रियेच्या वेळी मातेचा रक्तदाब खाली जाण्याची अवस्था. आकुंचनी रक्तदाब मूळच्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली गेला, म्हणजे ही अवस्था उद्भवली असे सामान्यतः समजतात. मूळचा दाब १२० मिमी. (पाऱ्याचा स्तंभ) असल्यास ही मर्यादा ९६ मिमी. येते. प्रतिबंधक उपाय योजले नाहीत, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांत दाब असा उतरतो. म्हणून तो अपघात नसून या भुलीचा अपेक्षित परिणाम होय. तो अपेक्षित असल्यामुळेच बव्हंशी टाळता येतो. दुर्लक्ष झाल्यास मात्र माता व बालक या दोघांनाही अपाय संभवतो.

इतिहास : जर्मन शस्त्रक्रियाविशारद आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कील येथे कोकेन वापरून शस्त्रक्रियेसाठी मेरुसंवेदनाहरण केले. १९०० मध्ये ऑस्कर क्राइस यांनी बाझेल येथे प्रसूतीच्या वेदनांसाठी त्याचा उपयोग केला. पुढे कोकेनची जागा कमी विषारी औषधांनी घेतली; सध्या ब्युपिव्हॅकेन हे मुख्यतः वापरतात. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालण्यातील अडचणी व जठरातील पदार्थ फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मेरुसंवेदनाहरणात तो पुष्कळ टळतो, औषध अत्यल्प लागते आणि माता जागी राहते. त्यामुळे नियोजित सीझर शस्त्रक्रियेत आज याच पद्धतीला प्राधान्य देतात. रक्तदाबन्यूनता हा या पद्धतीचा सर्वांत नेहमी आढळणारा दोष आहे.

कारणमीमांसा : सीझर शस्त्रक्रिया वेदनारहित होण्यासाठी बधिरता छातीच्या चौथ्या तंत्रिकेपर्यंत, म्हणजे साधारण स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत, चढावी लागते. रक्तवाहिन्यांचा ताण राखणाऱ्या अनुकंपी तंत्रिका मेरुरज्जूच्या छातीच्या व कमरेच्या वरच्या भागातून निघतात. साहजिकच वेदनेबरोबर त्यांचेही कार्य थांबते. सूक्ष्म रोहिण्या (रोहिणिका) सैल पडून रक्तप्रवाहाला होणारा रोध घटतो, तर नीला रुंदावून पायांत व उदरात रक्त साचते. बधिरता आणखी वर चढल्यास हृदयाला वेग देणाऱ्या तंत्रिकाही बाधित होऊन नाडी मंदावते.

गरोदरपणाच्या अखेरीस यात आणखी एका कारणाची भर पडते. माता उताणी निजली असता जड गर्भाशय अधोमहानीलेवर दाब देतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. या लक्षणसमूहाचे वर्णन हॉवर्ड, गुडसन व मेंगर्ट यांनी १९५३ मध्ये केले. भूल दिलेली नसताना शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून हा तुटवडा भरून काढते. मेरुसंवेदनाहरणाने नेमकी तीच सोय नाहीशी होते.

परिणाम : मळमळ, वांती, जांभया, चक्कर व घाम ही लक्षणे दिसतात. ती बहुधा औषध दिल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतात. दाब फारच उतरल्यास शुद्ध हरपते व क्वचित हृदयक्रियाही थांबते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटास सु. ५०० ते ७०० मिलि. रक्त वाहते. मेंदूप्रमाणे स्वतःचा रक्तपुरवठा स्थिर राखण्याची क्षमता गर्भाशयाच्या वाहिन्यांत जवळजवळ नसल्याने मातेचा दाब उतरताच वारेकडे जाणारे रक्त घटते. ही स्थिती लांबल्यास गर्भाला प्राणवायू अपुरा पडून त्याच्या रक्तातील अम्लता वाढते. काही क्षणांची घट सुदृढ गर्भ सहन करतो. आधीच अशक्त असलेल्या गर्भाच्या बाबतीत मात्र प्रत्येक मिनिटाला महत्त्व असते.

प्रतिबंध व उपचार : गर्भाशयाचा दाब कमी करण्यासाठी मातेच्या उजव्या कुशीखाली पाचर किंवा उशी ठेवून तिला डावीकडे सु. १५ अंश कलते ठेवण्याचा प्रघात आहे. तथापि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रणांत एवढ्या कलाने अधोमहानीला फारशी मोकळी होत नसल्याचे, ३० अंशांच्या कलाने मात्र काहीशी होत असल्याचे आढळले. शिरेतून द्रव देण्याचा उपायही जुना आहे. भुलीपूर्वी दिलेले क्षारजल लवकरच वाहिन्यांबाहेर झिरपते, म्हणून ते भूल देतानाच वेगाने देणे अधिक उपयुक्त ठरते. रोहिणिका सैल पडणे हे मुख्य कारण असल्यामुळे केवळ द्रव पुरेसा होत नाही. वाहिनीसंकोचक औषध हाच उपचाराचा गाभा होय.

या औषधांविषयीचे मत कालांतराने पालटले. १९७४ मध्ये गाभण मेंढ्यांवरील प्रयोगांत एफेड्रिनमुळे गर्भाशयाचा रक्तप्रवाह इतर काही औषधांच्या तुलनेत चांगला टिकतो असे दिसल्याने अनेक वर्षे तेच पसंत केले जाई. पुढे स्त्रियांवरील अभ्यासांत असे आढळले की, एफेड्रिन वार ओलांडून गर्भाचा चयापचय वाढवते व त्याच्या रक्ताची अम्लता वाढवते. फेनिलएफ्रिनमध्ये हा दोष अल्प असतो. पण त्याने नाडी मंदावू शकते. २०१८ मधील आंतरराष्ट्रीय तज्ञांच्या सहमतीनुसार फेनिलएफ्रिन भूल देताच संथ धारेने सुरू करावे व आकुंचनी दाब मूळच्या ९० टक्क्यांवर राखावा. मंद नाडी असल्यास एफेड्रिनही उपयोगी पडते. अलीकडे नॉरॲड्रेनॅलिनही अल्प प्रमाणात वापरतात. भारतात मेफेंटरमीनचा वापर पुष्कळ होतो.

विशेष दक्षता : गर्भिणी-विषबाधेत (प्रीएक्लॅम्प्सियात) अपेक्षेच्या उलट दाब निरोगी मातेपेक्षा कमी उतरतो. भरून न काढलेला मोठा रक्तस्राव असल्यास मात्र ही भूल टाळतात. बालक बाहेर आल्यानंतर दाब उतरल्यास भुलीलाच कारण समजून थांबू नये. रक्तस्राव किंवा वेगाने टोचलेले ऑक्सिटोसीन हेही कारण असू शकते. हातांतील शक्ती जाणे, आवाज क्षीण होणे व श्वास अपुरा पडणे ही बधिरता फार वर चढल्याची चिन्हे असून त्यांवर तातडीने श्वसनसाहाय्य द्यावे लागते. बालक जन्मेपर्यंत दाब दर मिनिटास मोजणे इष्ट असते. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात मातेची तक्रार हीच पहिली सूचना ठरते. म्हणून मळमळ किंवा गरगरणे जाणवताच सांगावे असे तिला भुलीपूर्वीच समजावणे आणि तिने सांगताच दाब तपासणे आवश्यक असते.