चर्चचा बुटका दरवाजा

आपली मुले आता शिकायला युरोपात जातात. कोणी शिष्यवृत्तीवर जातो, कोणी कर्ज काढून. सुट्टीच्या दिवशी ती तिथली जुनी चर्चेस पाहायला जातात, आणि ते योग्यच आहे. कलोनच्या कॅथीड्रलसमोर उभे राहिले की मान आपोआप वर जाते. १५७ मीटर उंचीचे मनोरे. १२४८ साली सुरू झालेले आणि १८८० साली पुरे झालेले काम. मार्गदर्शक एवढे सांगतो आणि पुढे चालू लागतो.

परंतु ज्यांच्या बापजाद्यांना देवळाची पायरीही चढू दिली नाही, त्यांनी नुसते वर पाहून कसे चालेल? आपण इमारतीला आपले प्रश्न विचारले पाहिजेत. आत कोणाला येता येई? कोणत्या दाराने? आत आल्यावर उभे कुठे राहावे लागे?

या प्रश्नांचे सर्वांत बोलके उत्तर मोठ्या कॅथीड्रलमध्ये मिळत नाही. ते फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये मिळते. तिथे काही चर्चना मुख्य दरवाजाखेरीज बाजूला एक लहान, बुटका दरवाजा आहे. काही ठिकाणी तो पुढे दगडांनी बुजवून टाकला आहे. हा दरवाजा 'कागो' लोकांसाठी होता. स्पेनच्या नवार प्रांतात त्यांनाच 'आगोते' म्हणत.

कागोंची वस्ती गावाबाहेर असे. त्यांचे लग्नसंबंध त्यांच्यातच होत. अनेक ठिकाणी कपड्यावर बदकाच्या पायाच्या आकाराचे तांबडे कापड लावण्याची त्यांच्यावर सक्ती होती. चर्चमध्ये त्यांची जागा मागे, वेगळी. पवित्र जलाचे कुंड वेगळे. सँ-साव्हँ येथील जुन्या चर्चमध्ये असे एक दगडी कुंड कागोंचे म्हणून आजही दाखवतात. मिस्साची पवित्र भाकर त्यांना काठीच्या टोकावरून दिली जाई, असे वृत्तांत आहेत. मेल्यावर दफनाची जागाही वेगळी. वाचताना आपल्याला हे परके वाटत नाही, हीच यातली दुःखाची गोष्ट आहे.

आता विचार करा. या लोकांचा धर्म तोच होता, भाषा तीच होती, रंगरूपही तेच होते. मग त्यांना दूर का ठेवले? कोणी म्हणे, ते महारोग्यांचे वंशज. कोणी म्हणे, पराभूत टोळ्यांचे वंशज. विद्वानांत अजून एकमत नाही. म्हणजे कारण विसरले गेले, बहिष्कार मात्र शतकानुशतके टिकला! बहिष्काराला कारण लागत नाही. त्याला सवय आणि कोणाचा तरी फायदा पुरतो.

लाकूडकाम हा त्यांच्या वाट्याला आलेला मुख्य धंदा. १३७९ साली बेआर्नच्या सरदाराने माँतानेर येथील किल्ल्याच्या सुतारकामासाठी कागोंशीच करार केला. त्यांचे हात चालत, स्पर्श चालत नसे.

हे संपले कसे? नवारमधील आगोत्यांनी थेट पोपकडे अर्ज केला. १५१५ साली पोप दहावा लिओ याने त्यांना इतर श्रद्धावंतांप्रमाणेच वागवावे, असा आदेश काढला. गावोगावच्या पाद्र्यांनी आणि प्रतिष्ठितांनी तो मानला नाही. १६८३ साली चौदाव्या लुईने त्यांच्या मुक्ततेचे फर्मान काढले, तेही पुरेसे ठरले नाही. १७८९ च्या राज्यक्रांतीने नागरिकत्व समान केले, पुढे लोक गावे सोडून शहरांत गेले, तेव्हा कुठे हा भेद विरत गेला. वरून आलेला आदेश दरवाजा उघडत नाही. गावची सत्ता बदलावी लागते. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या लोकांनी हेच अनुभवले.

परंतु साम्य दाखवताना फरक विसरू नये. कागोंविरुद्ध ख्रिस्ती धर्मग्रंथात आधार नव्हता. म्हणून त्याच ग्रंथाच्या नावाने त्यांना दाद मागता आली. आपल्याकडे विषमता ग्रंथाने पवित्र केली आणि बाबासाहेबांनी दाखवल्याप्रमाणे ती पायरीपायरीने रचली. युरोपातला तो एक दरवाजा होता, आपल्याकडे संपूर्ण जिना होता.

हीच नजर घेऊन पुढे जा. प्रागच्या सुमारे १२७० सालच्या जुन्या सिनेगॉगमध्ये स्त्रियांसाठी भिंतीपलीकडे दालन आहे. भिंतीतील अरुंद फटींतून त्यांनी प्रार्थना ऐकायची. म्हणजे छळलेल्या समाजाच्या घरातही एक भिंत असते. विटेनबर्गच्या ज्या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर प्रवचने देई, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ज्यूंची किळसवाणी टवाळी करणारे मध्ययुगीन शिल्प आहे. ल्यूथरने ते पुसले नाही. १५४३ साली आपल्या लेखनात त्याचा आधारच घेतला. १९८८ साली त्या शिल्पाखाली जमिनीत ज्यूंच्या संहाराचे स्मारक बसवले गेले. शिल्प काढावे म्हणून एका ज्यू नागरिकाने दावा लावला. २०२२ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो फेटाळला. अपमान पुसावा, की खाली सत्य लिहून जपावा? मनुस्मृतीचे काय करावे यावर वाद घालणाऱ्या आपल्याला हा प्रश्न नवा नाही.

नव्या इमारतींनाही प्रश्न विचारा. बर्लिनमध्ये भिंतीच्या पट्ट्यात अडकलेले एक चर्च पूर्व जर्मन सरकारने १९८५ साली सुरुंगाने उडवले. २००० साली त्याच जागी मातीच्या भिंतींचे लहान प्रार्थनाघर उभे राहिले. त्या मातीत पाडलेल्या चर्चच्या विटांचे तुकडे मिसळले आहेत. जखम लपवली नाही. दुसरीकडे, मजुरीसाठी आलेल्या तुर्की कामगारांनी जर्मनीत वर्षानुवर्षे मागच्या अंगणांत आणि जुन्या कारखान्यांत नमाज पढला. कलोनला त्यांची मोठी मशीद २०१८ साली रीतसर खुली झाली, तीही बराच विरोध सोसून. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ साली सार्वमत घेऊन नवे मिनार बांधण्यावर बंदी घातली गेली. बुटका दरवाजा जुन्या दगडांतच असतो असे नाही, तो कायद्यातही घडवता येतो.

म्हणून मित्रांनो, मनोरा जरूर पाहा. तो घडवणाऱ्या हातांची कदर करा. मात्र नंतर इमारतीला एक फेरी घाला आणि बाजूच्या भिंतीत बुजवलेला दरवाजा दिसतो का ते शोधा. तो दिसला, तर तिथे थोडे थांबा. त्या दरवाजातून वाकून गेलेली माणसे आपली नातलग होती.