श्मश्रूनंतरचा दाह

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव आणि खासबाग या विणकरांच्या जुन्या वस्त्या आहेत. खासबागेतील एखाद्या लहानशा केशकर्तनालयात सुटीच्या दिवशी सकाळी जे दृश्य दिसते, तेच थोड्याफार फरकाने निपाणीत, चिकोडीत किंवा कोल्हापुरातही दिसेल. दाढी उरकते. कारागीर ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवितो आणि वर एखाद्या जंतुनाशक द्रावणाचा अथवा सुगंधी आफ्टरशेव्हचा हबका मारतो. गिऱ्हाईक क्षणभर डोळे मिटून दातओठ आवळते आणि मग समाधानाने आरशात पाहते. जे झोंबते ते गुणकारी, झोंबले म्हणजे जंतू मेले, अशी त्या समाधानामागची श्रद्धा असते. पुढे दिवसभर मान चरचरते, गळपट्टीखाली लाल पुरळ उठते, गाल ओढल्यासारखा होतो. त्याचा दोष कधी ब्लेडला, कधी साबणाला, तर कधी पाण्याला दिला जातो. त्या झोंबण्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही.

हा दाह नेमका कशाचा, हे समजण्यासाठी त्वचेची रचना थोडी ध्यानात घ्यावयास हवी. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. भिंतीच्या विटांमधील सांधे चुन्याने भरावेत, त्याप्रमाणे या पेशींमधील जागा स्निग्ध द्रव्यांनी भरलेली असते. चेहऱ्यावर या थराची जाडी एका मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी असते. तथापि शरीरातील ओलावा आत राखणे आणि बाहेरची धूळ, घाम व जंतू यांना थोपविणे, ही दोन्ही कामे तोच करतो. वस्तरा केस कापतो, त्याबरोबर या थराचाही काही अंश खरवडून नेतो. पाते बोथट असले, केस कोरडे असले किंवा एकाच जागेवरून पाते पुनःपुन्हा फिरले, तर हा थर नको तितका झिजतो. खालच्या जिवंत पेशी दुखावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मज्जातंतूंची टोके चेततात. लाली, ऊब आणि चरचर ही त्याचीच लक्षणे होत. तात्पर्य, दाढीनंतरची आग म्हणजे एक उथळ परंतु विस्तृत खरचटणे आहे. गुडघा खरचटला, तर त्यावर कोणी अत्तर शिंपडत नाही; गालाच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले जाते.

तुरटीचा गुण खोटा आहे, असे नव्हे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे दुहेरी सल्फेट. ती प्रथिने गोठविते व ऊती आकुंचित करते. म्हणून बारीक कापातून येणारे रक्त तिने चटकन थांबते. परंतु हा गुण त्या कापाच्या ठिपक्यापुरता उपयोगी आहे. अगोदरच झिजलेल्या संपूर्ण गालावर खडा घासला, तर त्याच गुणाने त्वचा अधिक कोरडी होते आणि ताणते. आफ्टरशेव्हमधील मद्यार्क त्वचेतील स्निग्ध द्रव्ये धुऊन नेतो. म्हणजे भिंत पडकी असताना तिच्यातला चुनाही काढून घेतो. पाण्यात पुरेसे न मिसळलेले जंतुनाशक द्रावण, लिंबाचा रस आणि टूथपेस्ट या घरगुती उपायांचीही तीच गत आहे. झोंबणे हे जंतू मेल्याचे प्रमाण नसून दुखावलेल्या त्वचेची तक्रार आहे.

मग उपाय कोणता? तो इतका साधा आहे की, त्यावर सहसा विश्वास बसत नाही. चेहऱ्यावरचा साबण पूर्णपणे धुऊन टाकावा. कारण त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी, आणि वाळून राहिलेला फेस दाह वाढवितो. नंतर स्वच्छ मऊ कापड गार पाण्यात भिजवून पाच ते दहा मिनिटे गालावर ठेवावे. गारव्याने रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आकसतात व चरचर शमते. बर्फ मात्र उघडा लावू नये. चेहरा पुसावयाचा तो टॉवेलने घासून नव्हे, तर टिपून. त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, म्हणजे गेलेल्या थराचे काम तात्पुरते तरी भागते. परसातली कोरफड वापरावयाची असेल, तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा. तो स्वतःच त्वचेला दाहक आहे. आतला पारदर्शक गर प्रथम हातावर थोडासा लावून पाहावा आणि मगच चेहऱ्याला लावावा. रुक्ष त्वचेला खोबरेल तेलाचा एखादा थेंब मानवतो. ज्यांना मुरमे येतात, त्यांनी ते टाळलेले बरे. याखेरीज दोन-तीन दिवस वस्तरा बाजूस ठेवावा. साधा दाह काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, आपोआप ओसरतो. येथे लेपापेक्षा विश्रांती हेच मुख्य औषध होय.

झोंबण्याइतकाच फसवा असा दुसराही एक मार्गदर्शक आहे, आणि तो म्हणजे तत्काळ मिळणारा आराम. गाल लाल झाला, खाज सुटली की, औषधाच्या दुकानातून एखादी नळी मागून आणण्याची चाल सर्वत्र आहे. अशा पुष्कळ नळ्यांत तीव्र स्टेरॉइड असते. काहींत त्याच्या जोडीला बुरशीनाशक व जंतुनाशक द्रव्येही असतात. पहिल्या एक-दोन वेळांतच लाली नाहीशी होते आणि नळी घरातल्या कपाटात कायमची जागा पटकावते. दर दाढीनंतर ती लावण्याची सवय जडली, तर चेहऱ्याची त्वचा हळूहळू पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा दिसू लागतात, मुरमे उठतात, आणि नळी बंद करताच पूर्वीपेक्षा अधिक आग होते. मग पुन्हा नळी. या दुष्टचक्रातून सुटण्यास कित्येकांना महिनोन्‌महिने लागतात. हा प्रकार देशभर इतका बळावला की, मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइड द्रव्यांचे लेप डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. नियम झाला, तरी नळी मागणाराने ती मागणे सोडले पाहिजे. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही. परंतु ते कोणते, किती तीव्र आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

शिवाय गालावरची प्रत्येक लाली ही खरचटण्याचीच असते, असेही नाही. तिच्यासारखे दिसणारे तीन विकार आहेत. पहिला, केस आत वळण्याचा. कापलेल्या कुरळ्या केसाचे टोक अणकुचीदार होते, ते वाढताना वळून त्वचेत शिरते आणि तेथे गाठ धरते. अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय जवानांना हा त्रास मोठ्या प्रमाणावर होत असल्यामुळे त्याचा तेथे पुष्कळ अभ्यास झाला आहे. जिलेट यांचा सेफ्टी रेझर १९०३ साली विक्रीस आला. दोन पात्यांचा रेझर १९७१ साली आला. पहिले पाते केस ओढून धरते व दुसरे तो कापते. त्यामुळे कापलेले टोक कातडीखाली जाते. ज्यांचे केस वळतात, त्यांना ही गुळगुळीत दाढी महाग पडते. त्यांनी काही आठवडे वस्तरा सोडावा व ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखावेत. दुसरा विकार केसांच्या मुळांशी पू धरण्याचा. तो जंतूंमुळे होतो. तिसरा बुरशीचा. कडा उठावदार असलेले, खाजरे, गोल चट्टे पडले, अथवा मऊ, सुजलेली गाठ येऊन तिच्यावरचे केस सहज निघू लागले, तर गाई-म्हशींकडून आलेल्या बुरशीचा संशय घ्यावा. दूधदुभत्याचा व्यवसाय करणाऱ्या गावांत हे विशेषेकरून ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अशा बुरशीवर स्टेरॉइडची नळी चोळणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. पू, ताप, पसरणारी सूज किंवा आठवडाभर न शमणारी लाली दिसली की, वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

याहून गंभीर गोष्ट पात्याच्या स्वच्छतेची. झिजलेली त्वचा म्हणजे उघडे दार. कावीळ ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्या रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नाही. केशकर्तनालयात ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्याच्या खोबणीत बसविण्याची पद्धत चांगली आहे. मात्र ते पाते आपल्या देखत नव्या वेष्टनातून निघाले पाहिजे. तुरटीचा एकच खडा दिवसभर दहा गालांवरून फिरणे त्याच कारणाने अयोग्य. रक्त आलेच, तर तुरटीची चिमूटभर पूड कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावावी व बोळा टाकून द्यावा. तसा आग्रह धरणे हा कारागिराचा अपमान नव्हे. दिवसभर परक्या रक्ताशी संबंध येणाऱ्या त्याच्याही जिवाचे त्यात रक्षण आहे.

आग शमविण्यापेक्षा ती न लागू देणे केव्हाही श्रेयस्कर. दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजवावेत. भिजलेला केस फुगतो, मऊ होतो व थोड्या जोराने कापला जातो. फेस भरपूर असावा, पाते धारदार असावे, हात हलका असावा. केस ज्या दिशेने वाढतात, त्याच दिशेने पाते चालवावे. मानेवर ही दिशा बोटाने चाचपून पाहावी, कारण तेथे ती जागोजागी बदलते. उलटा हात फिरविल्याने गाल गुळगुळीत लागतो खरा, पण बहुतेकांची आग त्या उलट्या हातातच असते.

वेळेचाही विचार व्हावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात त्वचा अगोदरच रुक्ष झालेली असते. खासबागेतील विणकर ताज्या दाढीने मागावर बसतो, निपाणीचा कामगार तंबाखूच्या वखारीत शिरतो. तेथील घाम आणि धूळ थेट त्या उघड्या त्वचेवर बसते. अशांनी दाढी सकाळी न करता काम आटोपून, अंघोळीनंतर संध्याकाळी करावी, म्हणजे त्वचेला सावरण्यास संपूर्ण रात्र मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. शिस्तीमुळे ज्या जवानाला रोज दाढी करणे भाग आहे, त्याला दिवस चुकविता येत नाही. परंतु भिजविणे, सरळ हात आणि नवे पाते ही तीन पथ्ये त्यालाही पाळता येतात. ज्याच्यावर तशी सक्ती नाही, त्याने त्वचा लाल दिसेल त्या दिवशी वस्तरा न उचलण्याचे स्वातंत्र्य अवश्य घ्यावे. एका दिवसाच्या वाढलेल्या खुंटांनी कोणाची प्रतिष्ठा उणावत नाही, आणि त्वचेने मागितलेला विसावा तिला मिळून जातो.