गाडी वरून चकाचक, पण चेसिस गंजलेली? वेळीच असे ओळखा

सोलापूर : ‘आपल्याकडे हवा कोरडी, गाडी गंजायची भीती नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराचे पाणी करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतील गावांत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, वाळवून पुन्हा चालू होते. पण चेसिसच्या पोकळीत बसलेला गाळ तसाच राहतो. गंज तिथूनच, आतल्या बाजूने सुरू होतो.

गंज का चढतो?
लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. त्यात क्षार मिसळले की वेग वाढतो. म्हणूनच मुंबई-कोकणातून आलेली जुनी गाडी घेताना जास्त काळजी हवी. खताची पोती वाहणाऱ्या पिकअपलाही हाच धोका असतो. सांडलेले खत ओलावा धरून ठेवते आणि पत्रा खाते.

कुठे तपासायचे?
बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस असते. बहुतेक छोट्या कारमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. गाडी रॅम्पवर घेऊन चाकांच्या कमानी, दरवाजाखालची पट्टी, सस्पेन्शनचे जोड आणि वेल्डिंगच्या रेषा पाहा. संशय आल्यास स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. वरचा थर निघून खाली घट्ट लोखंड लागले, तर गंज वरवरचा आहे. स्क्रूड्रायव्हर आत रुतला, तर पत्रा पोखरला आहे.

उपाय काय?
वरवरचा गंज तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने घासून काढावा. उरलेल्या डागांवर रस्ट कन्व्हर्टर लावावे. यातील फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचे रूपांतर काळसर, स्थिर थरात करते. तो वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग आणि शेवटी अंडरबॉडी कोटिंग द्यावे. पोकळ भागात मेणयुक्त स्प्रे मारावा.

भोक पडले असेल, तर पुट्टी भरून भागत नाही. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. चेसिस गाडीचे सगळे वजन पेलते आणि अपघातात धक्काही झेलते. त्यामुळे हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीचे कनेक्शन काढावे आणि पेट्रोलची टाकी, पाइप सुरक्षित करून घ्यावेत.

या चुका टाळा
- गंज न काढता वरून कोटिंग मारू नका. ओलावा आत अडकतो आणि गंज झाकलेल्या थराखाली वाढत राहतो.
- पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके कोटिंगने बुजवू नका.
- सायलेन्सर, ब्रेक डिस्कवर कोटिंग उडू देऊ नका.
- जुनी गाडी घेताना खाली नुकतेच काळे कोटिंग मारलेले दिसले, तर ते कशासाठी मारले हे विचारा.

वर्षातून दोनदा
पावसाळ्यापूर्वी खालची बाजू तपासून घ्या आणि पावसाळा संपल्यावर चिखल प्रेशरने धुवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करताना आरटीओत तपासणी होते. तोपर्यंत थांबलात, तर ब्रश आणि प्रायमरमध्ये भागणारे काम कापाकापी आणि वेल्डिंगवर जाऊ शकते.