जुन्या मोटारीत शिरणारे पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सारा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांनी आगोटीपूर्वी घर शाकारून घ्यावे, लाकूडफाट्याची आणि धान्याची बेगमी करावी, हा जुना शिरस्ता आहे. परंतु दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचीही अशीच तजवीज करावयास हवी, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. मग आषाढातल्या एखाद्या सकाळी दार उघडताच कुबट वास येतो, मॅट उचलावी तो खाली पाणी साचलेले आढळते, आणि जो तो आपापला तर्क सांगू लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी असो, किंवा २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती ॲम्बॅसडर अथवा मारुती ८०० असो, पाणी आत येण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि त्या शोधण्याची रीतही निश्चित आहे. या रीतीच्या आड जे काही दृढमूल गैरसमज येतात, त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे.

गैरसमज १ : जेथे पाणी दिसते, तेथेच गळती असते.

वस्तुस्थिती : कौलारू घरात राहिलेल्या माणसास हे निराळे सांगण्याचे कारण नाही, की फुटके कौल एकीकडे असते आणि थेंब वाशावरून ओघळत जाऊन भलत्याच ठिकाणी पडतो. मोटारीतही नेमके हेच घडते. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी खांबाच्या आतून, म्हणजे गॅरेजवाले ज्याला पिलर म्हणतात त्यातून उतरते, डॅशबोर्डच्या मागे तारांच्या जुडग्यावरून सरकते आणि चालकाच्या पायाशी प्रकट होते. गाडी उताराच्या अंगणात नाक वर करून उभी असेल, तर तेच पाणी गालिच्याखालून मागे वाहत जाऊन मागच्या बैठकीपुढे साचते, आणि धनी बिचारा मागच्या दाराचे रबर बदलून मोकळा होतो. म्हणून शोधाची पहिली पायरी अशी, की मॅट, गालिचा आणि त्याखालचे फेल्ट काढून उघडा पत्रा कोरडा पुसून घ्यावा. शक्य तर डॅशबोर्डखालचे आणि खांबावरचे आच्छादनही उतरवावे. पाण्याचा मार्ग डोळ्यांना दिसेल इतकी जागा मोकळी झाल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढणे व्यर्थ होय.

गैरसमज २ : आत आलेले पाणी पावसाचेच असणार.

वस्तुस्थिती : पाऊस नसतानाही पाणी साचत असेल, तर संशयाचे दोन धनी निराळे आहेत. पहिला म्हणजे एसी. किनाऱ्यावरील दमट हवा थंड नळ्यांवरून जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते एका बारीक नळीवाटे गाडीच्या खाली टपकते; एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडणे हे म्हणूनच निरोगीपणाचे लक्षण आहे. ही नळी धुळीने वा किड्यांच्या घरट्याने तुंबली, की तेच पाणी आत, बहुधा चालकाशेजारच्या बैठकीपुढे, सांडू लागते. दुसरा संशयित हीटर. ज्या गाडीत तो बसविलेला असतो, तिच्यात इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डखालून खेळत असते आणि ते झिरपू लागले तर गोडसर वास येतो, हाताला चिकटपणा जाणवतो, काचेवर पुसता न पुसले जाणारे तेलकट धुके धरते आणि रेडिएटरमधील पातळी उतरत जाते. या पाण्यात मिसळलेले कूलंट बहुधा विषारी असते. त्याची चव घेऊन खात्री करण्याचा मोह कोणीही, कदापि, धरू नये.

गैरसमज ३ : दाराच्या पोकळीत पाणी शिरते हा दोष आहे आणि दाराच्या तळाची भोके बुजविली पाहिजेत.

वस्तुस्थिती : दाराची काच खालीवर सरकावयाची असल्याने तिच्या बाहेरच्या रबराच्या फटीतून थोडे पाणी दारात उतरणारच, हे गृहीत धरूनच दार घडविलेले असते. हे पाणी पत्र्याच्या आतील अंगाने खाली येते आणि तळाच्या भोकांवाटे निघून जाते. आतील नक्षीच्या फळीमागे प्लास्टिकचा एक पातळ कागद चिकटविलेला असतो, आणि पाणी बैठकीकडे येऊ न देण्याची सारी जबाबदारी त्याच्यावर असते. गाडीत नवे स्पीकर बसविताना किंवा काच वरखाली करण्याची यंत्रणा दुरुस्त करताना हा कागद फाटतो, आणि पुष्कळदा क्षुल्लक समजून फेकूनही दिला जातो. मग पाणी फळीखालून उंबऱ्यावर आणि तेथून गालिच्यात उतरते. अशा वेळी जाड प्लास्टिकचा नवा कागद कापून, चिकट ब्यूटाइल पट्टीने त्याच्या कडा बंद कराव्यात. तळाची भोके मात्र बारीक तार घालून मोकळी ठेवावीत. ती बुजविणे म्हणजे दाराची टाकी करून आतून पत्रा सडविणे होय.

गैरसमज ४ : जोरदार फवारा मारला की गळती लगेच सापडते.

वस्तुस्थिती : धुलाई केंद्रावरील उच्च दाबाचा फवारा निरोगी रबराच्या ओठाखालूनही पाणी आत ढकलतो, त्यामुळे निर्दोष जागा दोषी ठरते आणि खरा अपराधी सुटतो. या कामास साधी बागेची नळी आणि दोन माणसे पुरेत. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून मंद धार सोडावी; आरंभ खालून करावा, म्हणजे प्रथम उंबरा आणि दाराची खालची कड, मग दाराचे उभे अंग, मग वायपरच्या मुळाशी असलेले काउल (जाळीखालची पोकळी), त्यानंतर पुढच्या काचेची खालची कड, तिच्या बाजू, आणि सर्वांत शेवटी छताची पन्हाळ. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबल्याशिवाय पुढे सरकू नये. वरून आरंभ केला, तर ओघळ खाली सर्वत्र पोहोचतो आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळेनासे होते. आतील पत्र्यावर आधी खडूची पूड वा टाल्कम पावडर भुरभुरली, तर बारीकसा ओघळही आपली रेघ मागे ठेवतो. दाराच्या रबराची परीक्षा याहून सोपी आहे : कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी, ती सहज निसटली, तर तेवढ्या जागी रबर बसत नाही.

उभ्या गाडीत गळती न सापडता चालत्या गाडीतच पाणी येत असेल, तर चाकांनी उडविलेले पाणी विचारात घ्यावे. फ्लोअरच्या पत्र्यातील रबरी बुचे आणि इंजिनाकडून तारा आत येतात तेथील ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, कालांतराने कडक होऊन गळून पडतात, आणि खड्ड्यातील पाणी खालून आत येते.

गैरसमज ५ : सर्व फटींवर सिलिकॉन फासले की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : हा इलाज सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. स्वयंपाकघराच्या वा न्हाणीघराच्या फटींसाठी मिळणारे व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते, आणि उघड्या लोखंडी पत्र्यास त्यामुळे गंज चढतो. शिवाय ज्या जागी ते एकदा लागले, तेथे पुढे रंग नीट धरत नाही. फट वरून बंद झाली आणि पाणी मागील बाजूने येतच राहिले, तर ते आत कोंडून राहते, हा तिसरा तोटा. जुन्या गाड्यांच्या पुढच्या काचा रबराच्या चौकटीत बसविलेल्या असतात. ते रबर उन्हाने आकसून कोपऱ्यांत ताठ झाले असेल, तर खरा उपाय म्हणजे काच काढणे, चौकटीच्या पत्र्यावरील गंज खरवडून त्यास प्रायमर देणे, आणि नव्या रबराने काच पुन्हा बसविणे. गंजलेल्या पत्र्यावर नवे रबरही नीट बसत नाही, हे विसरू नये. छताच्या पन्हाळीतील जोड उकलले असतील, तर जुने सीलंट खरवडून पत्र्याच्या जोडांसाठीच बनविलेले सीलंट भरावे.

गैरसमज ६ : झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली गाडी सुरक्षित राहते.

वस्तुस्थिती : आक्षी, नागाव, काशीद या किनाऱ्यांवर सुरूची दाट राई आहे आणि तिच्या सावलीत गाडी उभी करण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु सुरूच्या सुईसारख्या काड्या वायपरखालच्या जाळीतून काउलमध्ये पडतात, तेथे कुजून त्यांचा चिखल होतो आणि पाणी बाहेर जाण्याची भोके बंद होतात. मग काउल भरून पाणी हवेच्या मार्गाने बैठकीत उतरते. बॉनेट उघडून हा कचरा हाताने काढणे आणि तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडते की नाही ते पाहणे, एवढ्याने कित्येक गळत्या थांबतात. घट्ट आवळलेली प्लास्टिकची ताडपत्री पाऊस अडविते खरी, परंतु आतील ओलही अडवून धरते. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, अशी पडवीलगतची शेड हाच उत्तम निवारा होय.

गैरसमज ७ : चाके समुद्रात घातली तरच मिठाचा उपद्रव होतो.

वस्तुस्थिती : पुळणीवर गाडी नेणे अनिष्टच, पण मीठ वाऱ्यावर स्वार होऊनही घरापर्यंत येते. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाल्यावर कित्येक मोटारी खाऱ्या वाऱ्यातून खाडी ओलांडू लागल्या आहेत. मिठाचा धर्म असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते ओल शोषून पाघळते. पावसाळ्यात या किनाऱ्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि म्हणून खारट झालेला गालिचा कितीही वाळविला तरी पुन्हा दमट होतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लोखंड अधिक वेगाने गंजते आणि तारांच्या सांध्यांवर हिरवा कळंक चढतो. पावसाने वरचा रंग धुऊन निघतो, परंतु चाकांच्या कमानी आणि तळ धुतला जात नाही. तो गोड्या पाण्यानेच धुवावा. खारेपाटातील मचूळ विहिरीचे पाणी या कामास वर्ज्य समजावे.

गैरसमज ८ : जुनी गाडी गळायचीच, चार दिवस उन्हात उघडी ठेवली की झाले.

वस्तुस्थिती : गालिच्याचा वरचा पृष्ठभाग कोरडा लागला, तरी त्याखालचे फेल्ट कित्येक आठवडे पाणी धरून ठेवते, आणि पत्रा त्या ओल्या थराखाली निमूटपणे सडत राहतो. फेल्ट बाहेर काढून पंख्याखाली पूर्ण वाळवावे किंवा नवे घालावे, आणि पत्र्यावरील गंज खरवडून रंग द्यावा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची मुदत संपल्यावर नूतनीकरणास येते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. तळाला भोके पडलेली गाडी तेथे घेऊन जाणाऱ्याची अडचण मग थोडक्या पैशांत सुटत नाही, कारण रबराची पट्टी बदलणे आणि नवा तळ बसविणे यांच्या खर्चात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

गळती हे वार्धक्याचे अटळ प्राक्तन नाही. रबराचे आयुष्य संपते, जोड उकलतात, भोके तुंबतात. यांतील प्रत्येक कारणास उपाय आहे, आणि तो बहुधा स्वस्तही आहे. म्हणून जुन्या मोटारीवर जीव असलेल्या प्रत्येकास आग्रहाची विनंती आहे, की पावसाची वाट न पाहता मे महिन्यातच एखादी दुपार काढून, गालिचे उचलून, वर सांगितल्या क्रमाने नळीची परीक्षा करावी. आणि पाणी आत येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही फट बुजवू नये.